वांगं नको, फरसाण चालेल

गणपत गल्ली, बेळगाव. उद्या चंपाषष्ठी. चातुर्मासापासून वांग्याला न शिवलेली घरं आज भरताची वांगी शोधतायत. एकेक वांगं उलटून भोक आहे का बघायचं. "किडकं घालू नका हं, मावशी." आणि तुकतुकीत वांगं हातात आलं की लगेच, "औषध मारलंय काय ह्याला?"

"कीड बी नको, औषध बी नको. मग मी काय वांगी घरात घडवू व्हय?"

मावशीचं चुकत नाही. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी एकदा आत शिरली की वरचं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून शेतकरी वरचेवर फवारतो. बीटी वांगं आलं ते ह्याच अळीसाठी. मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) नावाच्या जिवाणूचा जनुक वांग्यात घातला, की अळीला मारणारं प्रथिन झाडच बनवतं. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं ह्या कामासाठी घेतलेल्या स्थानिक जातींत एक होती 'कुडची लोकल'. आपल्याच जिल्ह्यातली! भाजी घेणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या समितीनं बीटी वांग्याला मंजुरी दिली आणि देशभर गदारोळ झाला. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत लोकांचं म्हणणं ऐकलं. कर्नाटकात फक्त बंगळुरात. ९ फेब्रुवारी २०१० ला स्थगिती आली. बांगलादेशात मात्र २०१४ पासून बीटी वांगं पिकतं.

आता ह्याच जिल्ह्यातल्या बैलहोंगलची काळी माती. इथं कापूस. तसाच जनुक घातलेल्या बीटी कापसाला देशात २००२ सालीच परवानगी मिळाली. रुई गिरणीला जाते, सरकी मागे राहते. सरकीचं तेल निघतं, पेंड म्हशीपुढे पडते. म्हशीचं दूध आपल्या चहात, आणि सरकीचं तेल कुठल्या फरसाणाच्या कढईत, ते आपण विचारत नाही. रिफाइंड तेलात ते प्रथिन जवळजवळ उरत नाही, हे खरं. पण बीटी वांग्याला नाक मुरडताना हा हिशेब कुणी केला होता?

जनुक बदललेल्या पदार्थाच्या पाकिटावर 'जीएम' अशी अक्षरं छापायचा नियम २०१३ मध्ये आला. पाकिटावर. सुटं फरसाण कागदात बांधून मिळतं, आणि त्या कागदावर असतात कालच्या बातम्या.