सहकुटुंब की एकट्यानं?

(रत्नागिरीत तरुण ड्राफ्ट्समन आणि सिव्हिलच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, घरी लग्नाची पत्रिका आली की आई आधी काय बघते? मुहूर्त नाही. पाकिटावर काय लिहिलंय ते. ‘सहकुटुंब सहपरिवार’ असेल तर अख्खं बिऱ्हाड निघतं, नुसतं बाबांचं नाव असेल तर एकानं जाऊन अहेर देऊन यायचं. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्सरेफ, म्हणजे आपल्या ड्रॉइंगला संदर्भासाठी दुसऱ्या ड्रॉइंगची फाइल, जोडताना हाच प्रश्न येतो: अटॅच की ओव्हरले? आणि आपण न वाचता ओके दाबतो.

अटॅच म्हणजे सहकुटुंब. समजा, आर्किटेक्टनं प्लॅनला सर्वे, म्हणजे जागेच्या मोजणीचं ड्रॉइंग, अटॅच केला. स्ट्रक्चरलवाल्यानं तो प्लॅन अटॅच केला, तर मागोमाग सर्वेही त्याच्या घरात शिरला. आता प्लंबिंगवाला प्लॅन घेतो आणि कॉलमसाठी स्ट्रक्चरलही घेतो. त्याच्याकडे प्लॅन दोनदा आला, एकदा सरळ आणि एकदा स्ट्रक्चरलच्या कडेवर बसून. दोन्ही तंतोतंत एकावर एक असतील तर कळतही नाही. पण स्ट्रक्चरलवाल्यानं ‘शीटवर बरं दिसत नाही’ म्हणून प्लॅन जरा सरकवला असेल, तर प्रत्येक भिंतीला जुळी बहीण. म्हणून एक्सरेफ घालताना त्याची जागा, म्हणजे एक्स, वाय, झेड, शून्य, शून्य, शून्य. त्यात कलाकारी नको.

ओव्हरले केलेलं ड्रॉइंग तुम्ही बोलावलं तिथेच दिसतं. तुमची फाइल पुढे दुसऱ्या कुणी घेतली तर ते तिच्यासोबत जात नाही. शिवाय तुम्ही माझं आणि मी तुमचं ड्रॉइंग ओव्हरले केलं तरी चालतं. अटॅचमध्ये असं केलं की सर्क्युलर रेफरन्सची तक्रार येते. म्हणून वेगवेगळ्या ऑफिसांत काम वाटलेलं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, ओव्हरलेच घ्या.

अपवाद आहे. समुद्राकाठी रिसॉर्ट आहे, एकाच नमुन्याची ६ कॉटेज आहेत. कॉटेजची फाइल एकच, साइट प्लॅनमध्ये सहा वेळा घातलेली. इथे ओव्हरले केलंत तर इलेक्ट्रिकलवाल्याला साइट प्लॅनमध्ये माड दिसतील, गडगा दिसेल, कॉटेज एकही नाही. तिथे अटॅचच हवं. कुटुंब खरंच एक असेल तर सहकुटुंब बोलवा.

आता पाथ, म्हणजे जोडलेली फाइल कुठे ठेवलीय तो पत्ता. फुल पाथ म्हणजे ड्राइव्हपासून पूर्ण पत्ता. रिलेटिव्ह म्हणजे आपण सांगतो तसा, ‘आमच्या खळ्यातून खाली उतरा, पाणंदीच्या पलीकडचं घर.’ तिसरा प्रकार ‘नो पाथ’, म्हणजे नुसतं नाव. २०१८ च्या आवृत्तीपासून ऑटोकॅड आपणहून रिलेटिव्ह देतं, त्याआधी फुल पाथ द्यायचं. रिलेटिव्हला एकच अट, दोन्ही फाइली एकाच ड्राइव्हवर हव्यात. डीवर प्लॅन आणि ईवर सर्वे ठेवाल तर तो चालत नाही. प्रोजेक्टचं एकच फोल्डर ठेवा, ते उचलून पेनड्राइव्हवर नेलं तरी आतली नाती तशीच राहतात.

फुल पाथनं मला कुडाळजवळच्या एका कामात चांगलाच धडा दिला. सर्वेअरनं विहिरीची जागा दुरुस्त करून नवी फाइल पाठवली, नाव तेच. मी ती माझ्या डी ड्राइव्हवरून जोडली आणि ड्रॉइंग प्लंबिंगवाल्याला धाडलं. त्याच्या मशीनवर माझा पत्ता कुठून सापडणार? पण पत्ता नाही सापडला की ऑटोकॅड गप्प बसत नाही, मुख्य ड्रॉइंगच्या फोल्डरमध्येही शोधतं. तिथे त्याच नावाचा जुना सर्वे पडलेला होता. तोच लोड झाला, तक्रार काही नाही. त्यानं सेप्टिक टँक काढला आणि साइटवर खणायला सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी गड्याचा फोन: ‘सायबानू, हयसर बाव आसा मां!’ बाव म्हणजे विहीर.

खड्डा बुजवला, पैसे माझ्या खिशातून गेले. फाइल सापडली नसती तर परवडलं असतं, निदान कुणीतरी ओरडलं असतं. तेव्हापासून दुसऱ्याकडून आलेली फाइल उघडली की मी आधी एक्सटर्नल रेफरन्सेसच्या पॅलेटमध्ये जातो. तिथे ‘सेव्ह्ड पाथ’ आणि ‘फाउंड ॲट’ अशा दोन नोंदी असतात. पहिली म्हणजे पाठवणाऱ्यानं दिलेला पत्ता, दुसरी म्हणजे फाइल प्रत्यक्ष सापडली ती जागा. दोन्ही जुळल्याशिवाय रेघ ओढत नाही. आणि पाठवताना ईट्रान्समिट वापरा, जोडलेल्या फाइली त्यात सोबत जातात. व्हॉट्सॲपवर सुटी फाइल टाकू नका.

राहिलं बाइंड, म्हणजे जोडलेलं ड्रॉइंग आपल्याच फाइलमध्ये कायमचं मिसळून टाकणं. मंजुरीसाठी एकच सलग फाइल द्यायची असेल तर करा, पण कॉपीवर. साधं बाइंड केलंत तर लेयरच्या, म्हणजे ड्रॉइंगमधल्या थरांच्या, नावांत डॉलर-शून्य-डॉलर घुसतं, ‘इन्सर्ट’ पद्धतीनं केलंत तर एकाच नावाचे लेयर एकमेकांत मिसळतात. चालू कामाच्या फाइलवर दोन्ही नकोत. एकदा बाइंड झालं की धागा तुटला, मग सर्वेअरनं विहीर पुन्हा सरकवली तरी तुमच्या कागदावर ती जुन्याच जागी.