कॅन्सर पेशंटसोबत राहणाऱ्या स्वयंसेवकांचे आभार कसे मानायचे?

नमस्कार मंडळी! ५ डिसेंबर, म्हणजे स्वयंसेवक दिन, जवळ आलाय आणि तुम्ही सगळे एकच विचारताय, "ताई, आईच्या किमोच्या वेळी ज्या काकू मदतीला असायच्या, त्यांना काय द्यावं?"

देण्याघेण्याचं पटकन सांगते. पैसे संस्थेच्या नावाने द्या, पावती घ्या. वॉर्डात हारतुरे, मिठाई, चार माणसं असं काही नेऊ नका. किमोमध्ये पांढऱ्या पेशी घटतात, संसर्ग चटकन होतो. सर्दी असेल तर जाऊच नका, फोन करा.

आता जे सगळ्यांचं राहून जातं ते. त्यांनी नेमकं काय केलं, ते त्यांना सांगा. "तुम्ही देवासारख्या धावून आलात" इथे थांबू नका.

माझ्या आईची ट्रीटमेंट परळला झाली. आम्ही साताऱ्याहून आलेलो, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेलो. पहिल्याच दिवशी फाइल छातीशी धरून मी जिन्यापाशी नुसती उभी. एक काकू आल्या, माझ्या हातातलं औषधाचं बिल उलटं केलं आणि मागे लिहिलं: "१. रक्त. २. चहा-बिस्किट. ३. डॉक्टर." दोन नंबरला चहा लिहिलाय म्हणून आईनं त्या दिवशी पोटात काहीतरी ढकललं.

दोन वर्षांनी शाल घेऊन गेले. काकूंना मी आठवत नव्हते. रोज इतके चेहरे, कशी आठवणार? शाल त्यांनी बाजूला ठेवली. मग मी ते बिल काढलं. चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "चहाचा उपयोग झाला होय गं?" आता नव्या मुलींना शिकवताना त्या आवर्जून सांगतात, चहा लिहायला विसरू नका.

कळतंय का? पेशंट गावी परत जातो. पुढे काय झालं, आपण बोललेलं कामी आलं का, हे या माणसांना कळतच नाही. तुम्ही नेमकं सांगितलंत तरच कळणार.

संस्थेला पत्र लिहितानाही हेच. वंदना गुप्तांनी स्वतःच्या कॅन्सरनंतर १९९४ मध्ये व्ही केअर ही कॅन्सर पेशंटना आधार देणारी संस्था सुरू केली. अशा संस्थांमध्ये कित्येक जणी स्वतः या आजारातून उठलेल्या असतात. "सेवा उत्तम" लिहून त्यांना काय मिळणार? "केस गळायच्या आधीच स्कार्फ बांधायला शिकवलंत" असं लिहा.

काही जणांचं नावही कळत नाही, जसे प्लेटलेट्स देणारे. प्लेटलेट्स, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, काढल्यावर जेमतेम ५ दिवस टिकतात. म्हणजे तुमच्या माणसासाठी त्याच आठवड्यात कुणीतरी तास-दीड तास सुई टोचून बसलं होतं. तिथे आभार मानायचे तर घरातल्या एखाद्या धडधाकट माणसानं जाऊन तसंच बसावं.

एक कमेंट मात्र मनातून जात नाही. "बाबा गेले. आता त्या दादांना कुठल्या तोंडानं भेटू?" अरे, जा. नक्की जा. तूच लिहिलंयस ना, शेवटच्या आठवड्यात त्यांनी कोमट पाण्यानं बाबांची दाढी केली आणि बाबांनी आरसा मागितला? तेवढंच सांग. आरशाचं नक्की सांग, तेव्हा ते दादा खोलीबाहेर गेले असतील.