ऑपेरा हाउस: गिरगावच्या नाक्यावरचं थिएटर

(दृश्य: नाक्यावरची रहदारी, मग इमारतीचा दर्शनी भाग)

मुंबईत 'ऑपेरा हाउस' एवढं म्हटलं की टॅक्सीवाला पुढचा पत्ता विचारत नाही. चर्नी रोड आणि लॅमिंग्टन रोडच्या मधल्या या भागाला जिच्यामुळे नाव मिळालं, ती इमारत ही. रॉयल ऑपेरा हाउस. ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटक; त्यासाठी बांधलेलं, देशात टिकून राहिलेलं हे एकमेव ऑपेरा हाउस. पण गिरगावकरांना विचाराल, तर हे सिनेमाचं थिएटर. त्यांचंही बरोबरच आहे.

कोलकात्याहून आलेले नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या व्यापारातले पारशी गृहस्थ जहांगीर फ्रामजी कराका, या दोघांनी हे काम हाती घेतलं. १९११ साली इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज मुंबईत आले तेव्हा बांधकाम चालूच होतं, तरी उद्घाटन त्यांच्याच हस्ते झालं. इमारत पुरी व्हायला १९१२ उजाडलं. पुढच्याच वर्षी, ३ मे १९१३ रोजी, इथून जवळच, गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला.

(दृश्य: कॅमेरा खालून घुमटाकडे)

आता वर पाहा. घुमटाचे आठ भाग आहेत, कवी आणि नाटककारांना मानवंदना देणारे. सोनेरी नक्षीच्या कडा पाहा, प्रत्येक वळण वेगळं उठून दिसतं.

(दृश्य: झुंबर, अगदी जवळून)

आणि ही झुंबरं. ससून कुटुंबाने दिलेली. भायखळ्याला त्यांचा 'सान सूसी' नावाचा वाडा होता, तिथली. त्या वाड्यात आज मसीना हॉस्पिटल आहे.

या छताकडे नुसती शोभा म्हणून पाहू नका. तेव्हा माइक नव्हते. वरच्या गॅलरीत, स्वस्तातलं तिकीट काढून बसलेल्या माणसालाही प्रत्येक शब्द ऐकू जावा, अशी त्याची रचना केली होती. याच छताखाली बालगंधर्व गायले. मास्टर दीनानाथ, बापूराव पेंढारकर, ज्योत्स्ना भोळे यांनी हा रंगमंच गाजवला. पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सचे प्रयोग इथे होत. नाटक संपलं की पृथ्वीराज स्वतः दाराशी झोळी पसरून उभे राहत, आणि बाहेर पडणारे प्रेक्षक मदतनिधीसाठी तीत पैसे टाकत.

(दृश्य: रंगमंच, मग बाजूचे बॉक्स)

१९३५ च्या सुमारास सिनेमा मुख्य झाला. बाजूचे बॉक्स, म्हणजे प्रेक्षकांना बसायचे वेगळे कप्पे, काढले गेले, कारण तिथून रंगमंच दिसे, पडदा नीट दिसत नसे. १९५२ साली गुजरातेतल्या गोंडल संस्थानचे महाराजा विक्रमसिंहजी यांनी थिएटर घेतलं. पुढची चाळीस वर्षं मॅटिनी, फर्स्ट शो, लास्ट शो. मग घरोघरी व्हिडिओ आणि केबल आले. १९९३ साली दारं बंद झाली.

(दृश्य: गिलाव्यावर काम करणारे हात)

यापुढचं काम मात्र सावकाश बघण्यासारखं आहे. गोंडल घराण्याने इमारत विकली नाही, पाडली नाही. जतनाचं काम वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडे दिलं. आधी गळती थांबवली, इमारत मजबूत केली, मग सजावटीला हात लावला. हा क्रम महत्त्वाचा. नाही तर ओल्या भिंतीवर सोनेरी रंग किती दिवस टिकणार? भिंतींवर रंगावर रंग चढले होते. ते एकेक थर खरवडत कारागीर मूळ छटेपर्यंत पोचले. नक्षीचा तुटलेला तुकडा पुन्हा घडवायचा, शेजारच्या शाबूत तुकड्याशी ताडून पाहायचा, जुळला तरच बसवायचा. रंगीत काचांचंही तसंच. सिनेमासाठी काढलेले बॉक्स जुन्या छायाचित्रांवरून पुन्हा उभे राहिले. तुम्ही आता पाहताय ते हेच.

मध्यंतरी, २०१२ साली, वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत या थिएटरचं नाव आलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये, तेवीस वर्षांनी, मामी चित्रपट महोत्सवाच्या निमित्ताने दारं उघडली.

हे थिएटर वाचलं. या पट्ट्यातली नाझ, नॉव्हेल्टी, मिनर्व्हा ही सिनेमागृहं मात्र गेली, आणि त्यांच्याबरोबर डोअरकीपर, बुकिंग क्लार्क, ऑपरेटर यांच्या नोकऱ्याही.

(दृश्य: भरलेलं प्रेक्षागृह)

आज इथे ५७५ खुर्च्या आहेत. मैफली होतात, नाटकं होतात, अधूनमधून सिनेमाही लागतो. पण माइकशिवाय गाता यावं म्हणून बांधलेल्या या घरात मराठी संगीत नाटक नेमाने लागायला हवं, आणि हौशी मंडळींना परवडेल अशा भाड्यात लागायला हवं.