बंब परत आल्यावर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी. या पट्ट्यातल्या अग्निशमन केंद्राचा फोन खणखणला, की दरवेळी आगच असते असं नाही. उन्हाळ्यात गवताची गंजी पेटते, उसाच्या फडात विजेच्या तारेची ठिणगी पडते, ते तर आहेच. पण कधी विहिरीत पडलेली म्हैस काढायची असते. कधी विहिरीतून माणूस वर काढायचा असतो, आणि काठावर त्याची आई बसलेली असते.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा पात्र सोडून वाहू लागल्या, तेव्हा हेच जवान पाण्यात उतरले होते. त्याआधी एप्रिल 2017. अथणी तालुक्यातलं झुंजरवाड. सहा वर्षांची मुलगी कूपनलिकेत पडली. दोन दिवसांहून अधिक काळ खोदकाम चाललं. ती जिवंत हाती लागली नाही.

असल्या कामावरून परतलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्यूटी असते.

झोप लागत नाही. लागलीच तर तेच दिसतं. डिझेलच्या वासानं पोटात गोळा येतो. मुलांवर उगाच आवाज चढतो. हे महिनाभरानंतरही सुटलं नाही आणि रोजचं जगणं अडायला लागलं, तर तो आघातोत्तर तणावाचा आजार असू शकतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी 1980 साली त्याला अधिकृत नाव दिलं. आपल्याकडे अजून ‘मन घट्ट कर’ हेच औषध. वर्दीतल्या माणसाला तर रडायचीही चोरी.

याच आघातातून काही माणसं वाढतातही. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी ही वाढ मोजायला 1996 मध्ये 21 विधानांची प्रश्नावली मांडली. नाती जवळची होतात, स्वतःची ताकद कळते, जगण्याची किंमत वाढते, नवी वाट दिसते, श्रद्धा बदलते. ऐकायला गोड आहे, म्हणूनच सांगायला हवं: दुःख जाऊन तिथं ही वाढ येते असं नाही. दोन्ही एकाच माणसात नांदतात. नव्या पोरांना दोर बांधायला जीव लावून शिकवणारा जवान पावसाळ्यातल्या रात्री टक्क जागाही असतो.

ही वाढ संकट आपोआप देत नाही. घडलेलं मनात घोळवावं लागतं, विश्वासाच्या माणसापाशी बोलावं लागतं. तेही जबरदस्तीनं नाही. घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवून ‘सांगा, काय वाटलं’ असं वदवून घेण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करत नाही. आधी गरम जेवण, झोप, सोबत्याची विचारपूस. बोलणं ज्याच्या त्याच्या सवडीनं, आणि मराठी घरातल्या जवानाला ते मराठीत करता यायला हवं. केंद्रातली नोंद कन्नडात होते. मनातलं आईच्या भाषेतच बाहेर येतं.

‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो. धारवाडची डिमहान्स ही मानसोपचार संस्था फार लांब नाही.

1944 च्या मुंबई गोदी स्फोटात गेलेल्या 66 जवानांच्या स्मरणार्थ दर 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. पुढचा आठवडाभर प्रात्यक्षिकं होतात. त्याच आठवड्यात एक दिवस मनाच्या डॉक्टरांना केंद्रात बोलवा. जवानांच्या घरच्यांनाही बोलवा. माणूस बदलतोय हे सगळ्यात आधी त्यांनाच कळतं.