नारळ गेले, वटवट्या राहिला

आता स्क्रीनवरच्या या छोट्या पक्ष्याच्या पायांकडे बघा. एक धातूची रिंग, बाकी रंगीत. हा सेशेल्सचा वटवट्या, आणि या रिंगा म्हणजे त्याचं आधारकार्ड. दुर्बिणीतून रंग वाचले की हा कोण, कुठल्या टेरिटरीत, म्हणजे कुठल्या जोडीच्या हद्दीत जन्मला, सगळं कळतं. बाप कोण ते मात्र रक्ताच्या थेंबावरून, कारण साधारण 40 टक्के पिल्लं दुसऱ्याच नराची निघतात आणि घरचा नर बिचारा घरट्यावर पहारा देत बसलेला असतो.

दिसायला तसा मळकट तपकिरी, हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या बोरू वटवट्यांचा भाऊबंदच.

वरून दिसतंय ते कझन बेट, सगळं मिळून 29 हेक्टर. 1968 साली जगात हे पक्षी उरले होते 26च्या आसपास आणि सगळेच्या सगळे इथेच. इतके कमी, कारण खोबऱ्यासाठी बेटभर नारळ लावलेले आणि हा खातो पानांच्या खालच्या बाजूचे किडे, मग झावळ्यांत त्याला मिळणार काय? कोकणातल्या माणसाला ऐकवणार नाही, पण नारळ हटवले म्हणूनच हा वाचला. त्याच वर्षी पक्षी संरक्षणवाल्यांनी, म्हणजे आताच्या बर्डलाइफ संस्थेने, बेट विकत घेतलं, नारळ काढत गेले, आणि ही मोठ्या पानांची पिसोनियाची झाडं परत वाढली. 1982 पर्यंत पक्षी झाले 320च्या आसपास.

मग बेट फुल्ल. नवीन टेरिटरीला जागाच नाही, त्यामुळे तरुण पोरी बऱ्याचदा घरीच थांबतात. हा शॉट नीट बघा, किडा भरवतेय ती आई नाही, ताई आहे. संशोधक यान कोमडर आणि त्यांच्या टीमने 1997 मध्ये दाखवलं की किडे भरपूर असले तर माद्या जास्त जन्मतात आणि टंचाई असली तर नर, म्हणजे घरात राहणारं तोंड नको.

आणि हे पक्षी बेट सोडून जवळपास जातच नाहीत, म्हणून दिसला नाही म्हणजे मेला, इतका सरळ हिशोब. मोठ्यांपैकी वर्षाला 84 टक्के जगतात, पिल्लांपैकी पहिल्या वर्षात 61च्या आसपास.

1988 मध्ये 29 पक्षी अराइड बेटावर नेले, 1990 मध्ये 29 शेजारच्या कझीनला (हे कझनहून वेगळं बेट), 2004 मध्ये 58 डेनिसला, 2011 मध्ये 59 फ्रेगेटला. चारही ठिकाणी रुजले. सगळे त्या मूठभरांचेच वंशज, त्यामुळे म्युझियममधल्या जुन्या नमुन्यांशी ताडलं तर जनुकीय विविधता कमी भरते, तो तोटा झालाच.