फ्युनारियाचं झाकण सुटतं तेव्हा

(दृश्य: ब्रह्मगिरीची वाट, पाऊस उघडलेला)

त्र्यंबकेश्वरातून ब्रह्मगिरी चढताना कठड्याच्या दगडांमधल्या सांध्यांत हा हिरवा गालिचा दिसतो. सगळे त्याला शेवाळ म्हणतात. पण याला खोड आहे, पानं आहेत, मुळांच्या जागी मूलाभ, म्हणजे मुळांसारखे बारीक धागे आहेत. हे मॉस. यातलं हे फ्युनारिया.

(दृश्य: दांडी आणि संपुट, जवळून)

दोन-तीन सेंटिमीटरची दांडी, टोकाला वाकलेलं, नासपतीसारखं संपुट, म्हणजे बीजाणूंची डबी. बीजाणू म्हणजे नवं मॉस ज्यांतून उगवतं ते सूक्ष्म कण. लांबी जेमतेम २ ते ३ मिलिमीटर. कोवळेपणी त्यावर चोचदार टोपी असते. ही टोपी संपुटाची नव्हे. खालच्या रोपाच्या ज्या अंडधानीत (अंडपेशीच्या कुपीत) गर्भ वाढला, तिचाच वर ताणलेला भाग. ती घाईनं चिमट्यानं ओढली, तर आतलं कोवळं संपुट सुकतं.

(दृश्य: उभा छेद)

छेदासाठी संपुट हिरवं-पिवळं असतानाच घ्यावं. तपकिरी झाल्यावर मधला खांब आक्रसतो आणि हाती नुसती भुकटी येते. तळाचा भाग भरीव, हिरवा. पर्णरंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची सूक्ष्म छिद्रं, इथेच, आणि प्रत्येकाला कडेच्या दोन रक्षकपेशींऐवजी कड्यासारखी एकच! संपुट स्वतःचं थोडं अन्न स्वतःच बनवतं. मधोमध खांब, त्याला वेढून बीजाणूंची पिशवी, बाहेर हवेची पोकळी आणि तीत ताणलेले हिरव्या पेशींचे धागे.

(दृश्य: संपुटाचं तोंड)

टोपीखाली संपुटाचं स्वतःचं झाकण असतं, त्याच्या कडेला पेशींचं कडं. ते सुटलं की झाकण गळतं. खाली दात: बाहेर १६, आत १६. बाहेरचे पीळदार, टोकं मधल्या इवल्या चकतीला जोडलेली. आता यावर श्वास सोडलाय. पाहा, दात मिटले. हवा कोरडी झाली की ते पुन्हा फाकतात आणि फटींतून बीजाणू चिमटी-चिमटीनं झडतात, सगळे एकदम नाहीत. म्हणून दात पाहताना काचपट्टीवर पाणी घेऊ नये, मिटलेलेच दिसतील. कोरडं संपुट, वरून उजेड आणि १० पट मोठं दाखवणारं भिंग पुरतं.

(दृश्य: तारेचा ब्रश, घासलेला कठडा)

हिरवी संपुटं खरवडली की त्यांचे बीजाणू पिकण्याआधीच जातात. पाय पडतो ती पायरी घासावीच. कठड्याचे सांधे मात्र संपुटं तपकिरी होऊन रिकामी होईपर्यंत सोडावेत.