कमतरता उशिरा का कळते?

मित्रहो, जीवनसत्त्वे म्हटले की बऱ्याच जणांना आधी गोळ्याच आठवतात. मी आज त्याच्या अलीकडचे बोलणार आहे. ही द्रव्ये कमी पडू लागली की शरीर लगेच सांगते का? नाही. ते आधी साठ्यावर निभावून नेते.

बी-१२चेच बघा. प्रौढ माणसाला ते दिवसाला जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम लागते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पण अन्नात असूनही ते सहजासहजी रक्तात पोहोचत नाही. जठरात तयार होणारे एक विशिष्ट प्रथिन त्याला बिलगते आणि ती जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषली जाते. जठराची शस्त्रक्रिया झाली, वयोमानाने जठरातले आम्ल कमी झाले, की नीट जेवणाऱ्यालाही बी-१२ कमी पडू शकते. त्यात यकृतातला साठा काही वर्षे पुरतो. म्हणजे बिघाड आज सुरू झाला तरी लक्षणे दिसायला वर्षे लागतात.

इथे मला सर्वांत काळजीची वाटणारी गोष्ट सांगतो. रक्तपेशी तयार करण्याच्या कामात बी-१२ आणि फोलिक ॲसिड, म्हणजे बी गटातलेच दुसरे एक जीवनसत्त्व, एकमेकांत गुंतलेले आहेत. बी-१२च्या अभावाने रक्तक्षय झालेल्या माणसाने अंदाजाने फोलिक ॲसिडचे मोठे डोस घेतले, तर रक्त सुधारते, थकवा उतरतो, त्याला बरे वाटते. मज्जातंतूंवरचे आवरण मात्र आतल्या आत झिजतच राहते. पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, विसरायला होते. आणि फार उशीर झाला, तर यातले काही नुकसान कायमचे राहते.

म्हणून फोलिक ॲसिड वाईट, असे कृपा करून समजू नका! गर्भाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया असलेली नलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर अनेक स्त्रियांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड गर्भधारणेच्या निदान महिनाभर आधीपासून घ्यायला सांगतात.

लोहाचेही तसेच. आधी साठा आटतो, हिमोग्लोबिन नंतर उतरते. त्यामुळे हिमोग्लोबिन ठीक आले म्हणून लोह पुरेसे आहे, असे होत नाही. साठ्याचा अंदाज फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या तपासणीतून येतो. अंगात संसर्ग किंवा दाह असेल तर फेरिटिन वाढलेले दिसते आणि कमतरता झाकली जाते, म्हणून तो आकडा एकटा वाचायचा नसतो. उलट बाजूही आहे. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची खास यंत्रणा शरीरात नाही. किती आत घ्यायचे, एवढेच आतडे ठरवते. काहींमध्ये हे नियंत्रण जन्मतःच बिघडलेले असते. त्यांच्या यकृतात आणि हृदयात लोह साचत जाते, आणि थकवा त्यांनाही येतो.